वेडेपणाच्या बाजूने

शहाण्यांचं कौतुक करायला माणसं कमी नाहीत. मला बडोदा संस्थानाच्या वेडेपणाचं कौतुक करायचं आहे, तेही अगदी मनापासून.

गायकवाडांचा परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेलेला, बडोद्यात त्यांचा रेसिडेंट बसलेला. शाळा मात्र महाराज सयाजीराव गायकवाडांकडे उरल्या होत्या. उरलेल्या अधिकाराचं सयाजीरावांनी काय केलं? १८९३ साली त्यांनी दूरच्या अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली सगळ्या राज्यात कायदाच लागू केला. पादरा तालुक्यातला मुलगा सात ते बारा आणि मुलगी सात ते दहा या वयात शाळेत हवी. मूल आलं नाही तर पालकाला दंड. महीसागर नदी ओलांडली की बोरसद तालुका, म्हणजे इंग्रजांचा खेडा जिल्हा. पाणी तेच, भाषा तीच, शेतंही तशीच. पण तिथल्या बापाला मुलगी घरी का, असं विचारणारं कुणी नव्हतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली तसंच विधेयक सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं. त्यांनी तर सक्ती हळूहळू आणि स्थानिक मंडळांच्या मर्जीने आणायचं म्हटलं होतं. तरी मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. पैसा नाही, शिक्षक नाहीत, वेळ आलेली नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. बडोद्यातही पैसा आणि शिक्षक तोकडेच होते, आणि दंडाचा भार गरिबांवर पडला, हेही लपवण्यात अर्थ नाही. तरी शाळा उघडल्या. पुढे १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच वेडेपणा केला.

एका राज्याला एकट्याने वेडं होता यावं, यासाठीच मला अधिकारांची वाटणी हवी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांची रोजगार हमी उचलून धरली. मागेल त्याला काम द्यायचं म्हणजे तिजोरी बुडवणं, असं म्हणणारे तेव्हाही होते. दिल्लीने तसा कायदा केला २००५ मध्ये. शिक्षण १९५० पासून राज्यघटनेत राज्यांच्या यादीत होतं, १९७६ च्या घटनादुरुस्तीने ते केंद्र आणि राज्यं दोघांच्या समवर्ती यादीत गेलं. शिक्षणहक्काचा कायदा जम्मू-काश्मीर सोडून देशभर लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तो झाला याचा मला आनंदच आहे. पण सगळीकडे एकदमच व्हायला हवं, असं कुणी बजावू लागलं की मला महीसागरचे दोन काठ आठवतात. १९०६ साली पादऱ्यातली सात वर्षांची मुलगी पलीकडच्या काठासाठी थांबली असती, तर गोखल्यांचं विधेयक पडलं तेव्हा ती तेरा वर्षांची झालेली असती.