झटपट न्यायाचं सालेम मॉडेल

आपल्याकडे आजोबांनी दावा लावायचा आणि निकाल नातवाने ऐकायचा. तारखांनी गांजलेल्या तमाम पक्षकारांना म्हणूनच विनंती, की एकदा मॅसॅच्युसेट्समधलं सालेम बघा, साल 1692. ब्रिजेट बिशपबाईंवर चेटकीण म्हणून 2 जूनला खटला चालला आणि 10 जूनला फाशी झाली. अपील वगैरे भानगड नाही.

हा वेग साधला कसा? आरोपीला वकीलच नाही, म्हणजे तारीख मागणार कोण? मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन धर्मशास्त्र शिकलेले, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. पुरावा तर असा की खोडायची सोयच नाही. तक्रारदार मुलींनी किंचाळून सांगायचं, 'हिची छाया येऊन मला चिमटे काढते!' त्या वेळी आपण घरी झोपलो होतो, असं बाई म्हणाल्या तरी उपयोग शून्य. झोपल्या असतील त्या. चिमटे छायेने काढले!

एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्सना मात्र ज्युरीने चक्क निर्दोष ठरवलं. मुलींनी आकांत मांडला. न्यायाधीशांनी ज्युरीला आजींच्या एका वाक्याचा फेरविचार करायला सुचवलं. त्याचा अर्थ विचारला, तर आजी गप्प. कमी ऐकू यायचं त्यांना, प्रश्नच पोचला नव्हता. पण न्यायदेवता आंधळी असते, आरोपीने बहिरं असून कसं चालेल? जुलैत त्याही फासावर गेल्या.

मौनाचा हक्क नव्हता असं नाही. ऐंशीच्या आसपासच्या जाइल्स कोरींनी या कोर्टापुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला. त्यांच्या मौनावर फक्त दगड रचले गेले, जीव जाईपर्यंत. आपल्या राज्यघटनेचं कलम 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही. सालेममध्ये उलट 'होय, मी चेटकीण' म्हणून त्यावर ठाम राहिलेलं कुणी फाशी गेलं नाही. फाशी गेले ते 19 जण, नाही म्हणणारे. खोटं बोलण्याला इतकं सरकारी प्रोत्साहन क्वचितच मिळालं असेल.

शेवटच्या फाशा 22 सप्टेंबरला आटोपल्या. मग ऑक्टोबरात रेव्हरंड इन्क्रीझ मेदर यांनी मत मांडलं, की एका निरपराधाचा जीव जाण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. तोवर चेटकीण असल्याच्या संशयाची कुजबुज गव्हर्नरांच्या पत्नीपर्यंतही पोचली होती. गव्हर्नरसाहेबांना ताबडतोब न्यायाची तत्त्वं आठवली आणि ते कोर्टच बरखास्त झालं.

जानेवारीत नवं कोर्ट बसलं, छायेची साक्ष बाद झाली, बहुतेक सगळे सुटले. पण तुरुंगातल्या राहण्याजेवणाचं बिल चुकतं केल्याशिवाय निर्दोषांनाही दार उघडलं गेलं नाही.