दुष्काळातला साडेबारावा महिना

फेब्रुवारीचा पगार झाला. स्लिप उघडली आणि नजर दरवर्षीच्या जागी जाऊन बसली: प्रोफेशन टॅक्स, रुपये ३००. गेले अकरा महिने तिथे २०० होते. पीएफ कापतात त्याचं मला वाईट वाटत नाही, तो म्हातारपणी भेटणार आहे. इन्कम टॅक्स पुन्हा कधीच भेटणार नाही, हेही मी पचवलंय. पण फेब्रुवारीतले हे जादा शंभर रुपये म्हणजे लोकलमधल्या तिघांच्या बाकावरचा चौथा माणूस. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, तो अर्धाच मावतो, आणि 'तू का बसलास' असं विचारायची सोय नसते, कारण वर्षानुवर्षं तो बसतच आलेला असतो.

मी यंदा विचारलं. आमच्या अकाउंट्समध्ये एक गृहस्थ आहेत. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, त्यामुळे खरं बोलतात.

"सोपं आहे," ते म्हणाले. "या करात एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांच्या वर घेता येत नाही. घटनेतच लिहिलंय, कलम २७६. दोनशे गुणिले बारा, चोवीसशे. राहिले शंभर. ते फेब्रुवारीत."

"पण फेब्रुवारीतच का?"

"हिशेब मार्च ते फेब्रुवारी चालतो. शेवटचा महिना. झाडूनपुसून घ्यायचं."

"मग दर महिन्याला २०८ रुपये ३३ पैसे कापा ना."

त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "वर्षाचे होतात २,४९९ रुपये ९६ पैसे. चार पैसे कमी भरतात. ते कोण देणार, तुम्ही?"

घटनेत लिहिलंय की अडीच हजारांपेक्षा जास्त घेऊ नका. आपण ते वाचलं, अडीच हजारांपेक्षा कमी घेऊ नका. छताची फरशी करणारं हे वाचन ज्याने प्रथम केलं त्याला माझा नमस्कार. ही मर्यादा मुळात वर्षाला २५० रुपये होती, ती १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि तेव्हापासून तिथेच आहे. या देशात १९८८ चा भाव टिकून राहिलेली ही एकच वस्तू असावी.

डोंबिवलीकराचा अपमान झाला की तो हिशेब करतो. मीही केला. जानेवारीत ३१ दिवसांना दोनशे रुपये, म्हणजे मी नोकरदार असल्याबद्दल राज्याला दिवसाला ६ रुपये ४५ पैसे देतो. फेब्रुवारीत २८ दिवसांना तीनशे, म्हणजे १० रुपये ७१ पैसे. थोडक्यात, ज्या महिन्यात मी सर्वांत कमी दिवस नोकरदार असतो त्याच महिन्यात मी सर्वांत महाग नोकरदार असतो. लीप वर्षात हा दर १० रुपये ३४ पैशांवर येतो, म्हणजे दिवसाला ३७ पैसे सवलत. ही सवलत २०२४ मध्ये लागू होती. कुणी जाहिरात केली नाही, फ्लेक्स लागले नाहीत, आभार मानले गेले नाहीत. पुढची संधी २०२८ मध्ये आहे. मी हे आमच्या गाडीच्या ग्रुपवर टाकलं. दोघांनी अंगठा दिला, एकाने 'गुड मॉर्निंग' म्हटलं, आणि चौथ्या सीटवाल्याने विचारलं, "मग एकोणतीस तारखेला सुट्टी आहे का?"

पण खरी गंमत गुणाकारात नाही, भागाकारात आहे. अडीच हजारांना दोनशेने भागा. साडेबारा. माझ्याकडून घेताना सरकारचं वर्ष साडेबारा महिन्यांचं असतं. साडेबारा हा आकडा ठाणे जिल्ह्याला काही नवा नाही. खाडीपलीकडे जमिनी गेलेली एक अख्खी पिढी मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट बघत म्हातारी झाली. तिकडे साडेबारा द्यायचे होते, म्हणून जपून दिले. इकडे घ्यायचे आहेत, म्हणून चोख.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. इथे तेरावा अर्धाच आहे, पण दुष्काळ मात्र अस्सल. या कराचं मूळच बहात्तरच्या दुष्काळात आहे. तेव्हाची सुकडी आणि खडी फोडायची कामं ज्यांनी पाहिली ते अजून घरोघर आहेत, विचारून बघा. त्यानंतर १९७५ मध्ये हा कर आला, तोच मुळी रोजगार हमी योजनेला पैसा पुरवायला. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते द्यायला सरकार बांधील. शहरातल्या पगारदाराने खिशातून द्यायचे, जमतील तेवढेच सरकारने आपले त्यात घालायचे, आणि त्यातून गावाकडे पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं. एका राज्याने स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या पैशाने दिल्लीच्या अठ्ठावीस वर्षं आधी केलेली ही गोष्ट. हे दोनशे रुपये मी आजही आनंदाने देतो, हे इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी मला करबुडव्यांच्या पंगतीत बसवेल. माझं भांडण वरच्या शंभराशी आहे.

तेव्हा या गोष्टीला कुणी 'नावीन्यता' म्हटलं नव्हतं. आता ज्या-त्या फलकावर नावीन्यता असते. नवीन या विशेषणाचं भाववाचक नाम नावीन्य. झालं, संपलं. त्याला वर 'ता' जोडायचा तर मग सौंदर्यता म्हणा, शौर्यता म्हणा, दारिद्र्यता म्हणा. मी तीन वेळा पत्र लिहून हे कळवलं आहे, पोच नाही. पण यंदा कोडं सुटलं. हा 'ता' म्हणजे शब्दाचा फेब्रुवारी आहे. हिशेब पूर्ण झालेला असतो, तरी शेवटी काहीतरी जादा लावल्याशिवाय हाताला चैन पडत नाही.

नावीन्याचं म्हणाल तर डोंबिवली कुणाला हार जाणारी नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. पुढे औद्योगिक पट्ट्यातला रस्ता गुलाबी झाला. हा रस्ता २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झाला, तेव्हा त्या महिन्यावरचा माझा संशय अगदीच निराधार नाही. तिकडे ठाण्यात वागळे इस्टेटीत कारखान्यांची जागा काचेच्या इमारतींनी घेतली, त्यात बसून आमची मुलं अमेरिकेच्या वेळेनुसार जागी राहतात. आणि निर्यातही आहे, फेब्रुवारीच्या जादा शंभराची. दिल्लीत, हरियाणात, उत्तर प्रदेशात हा करच नाही. कर्नाटकात आहे, आणि २०२५ पासून तिथेही महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. बेळगावातल्या मराठी माणसाला फेब्रुवारीचा चटका महाराष्ट्राइतकाच बसतो, एवढी भावनिक एकात्मता तर साधली.

आता हे पैसे ज्या हमीसाठी घेतले, ती कुठे मिळते? मूळ कायदा ग्रामीण भागासाठी आणि 'क' वर्ग नगरपालिकांसाठी होता. यातला क म्हणजे कल्याण नव्हे. कुणाची फसगत होऊ नये म्हणून सांगतो. कल्याणला सकाळी स्टेशनकडे येताना नाक्यावर माणसं उभी दिसतात. कुणाच्या हातात थापी, कुणाकडे रंगाचे ब्रश एका डब्यात उलटे खोचलेले, बायकांच्या बगलेत घमेली. एखादा ठेकेदार बाइक हळू करतो, दोन बोटं दाखवतो, दहा जण धावतात, दोघं मागे बसतात. दहा वाजले की उरलेले घरी. यातला कितीतरी माणूस गावाकडून आलेला असतो. गावी होता तोवर त्याच्या हाताला कायद्याने हमी होती, भले मस्टर उशिरा निघो, मुकादम खोडा घालो, पण कागदावर होती. एसटीत बसला आणि हमी फाट्यावरच उतरली. शहरात कसली बेकारी, असा त्या वेळचा समज असावा. आज त्या समजाला पन्नास वर्षं होत आली, आणि आमच्या जिल्ह्यातली खाडीकाठची भातखाचरं भराव टाकून टॉवर झाली, तरी हमी अजून शेताच्या बांधावरच बसून आहे. शहर काय, पैसे भरायला आहेच. दुकानदारांच्या मालमत्ता कराच्या बिलातसुद्धा 'रोजगार हमी कर' नावाची एक ओळ असते. त्या दुकानाच्या पायरीवरच नाक्यावरचे लोक सावलीला बसतात आणि दुकानदार त्यांना उठवतो. हमी आणि हमीचा कर यांच्यात चार फुटांचं अंतर असतं, आणि ते रोज सकाळी शिव्या देऊन कायम राखलं जातं!

आणि तो अडीच हजारांचा आकडा पुन्हा काढतोच, कारण तो मला झोपू देत नाही. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की वर्षाला अडीच हजार. पुढे तुम्ही कितीही वर जा, अडीचच हजार. (बाईला २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. हे चांगलं झालं. आमच्या घरी ते ऐकवलंही गेलं.) म्हणजे बारा हजारांवर रात्रपाळी करणारा आमच्या सोसायटीचा वॉचमन आणि ज्याच्या गाडीला तो गेट उघडतो तो बारा लाखांचा साहेब, दोघांच्या स्लिपवर फेब्रुवारीत तीनशेच. समता म्हणून आपण काय काय स्वप्नं पाहिली होती, आणि ती शेवटी सापडली ती इथे, कपातीच्या रकान्यात. साहेबाला ते तीनशे दिसतसुद्धा नाहीत. वॉचमनचा त्यात गॅसच्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा जातो. ज्याच्या नोकरीला स्वतःला उद्याची हमी नाही, त्याने दुसऱ्याच्या रोजगाराच्या हमीसाठी साहेबाइतकेच पैसे भरायचे, आणि वर शेवटच्या महिन्यात झाडूनपुसून.

मागच्या आठवड्यात एका दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते विचारू नका, सगळी सारखीच असतात. भिंतीवर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा भलामोठा फलक होता. सेवा, दिवस, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील, द्वितीय अपील. अधिकाऱ्याच्या रकान्यावर कुणीतरी बंद पडलेलं घड्याळ टांगलं होतं. खिडकीत तिशीचा एक मुलगा, समोर तीन माणसांची कामं. सर्व्हर गेलेला. तो यायची वाट बघता बघता आमच्या गप्पा झाल्या. कंत्राटी होता, आठवं वर्ष. अकरा महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. घेताना साडेबारा महिन्यांचं असलेलं वर्ष देताना अकराचं होतं, ही माहिती मला नवीन होती. त्याला नव्हती.

मी खिशातून माझी स्लिप काढली आणि त्याला फेब्रुवारीचं माझं संशोधन सांगायला घेतलं. दिवसाला १० रुपये ७१ पैसे, लीप वर्षातली सवलत, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, माझे नाही कापले."

"का?"

"करार जानेवारीला संपला ना. फेब्रुवारीत ब्रेक होता. तेवढे तीनशे वाचले."

तेवढ्यात सर्व्हर आला.