चढावरचा जोर आणि चौकचा गतिरोधक

"काकू, फार्महाऊसवाल्यांच्या धाकट्याची नवी गाडी पाहिलीत? लाल, बसकी, दोनच सीटा. दरवाजे बाजूला उघडत नाहीत, वर जातात."

"पाहिली म्हणजे काय, कुंपणाशी येऊन थांबली तेव्हाच कळलं. आवाज म्हणून नाही. मांजर पायात यावं तशी आली. कढीपत्ता तोडत होते, दचकलेच."

"विजेवरची आहे. माझ्या भाच्याला या गाड्या तोंडपाठ. म्हणाला, एमजीची सायबरस्टर २०२५ च्या जुलैत आली, त्या जातीची. किंमत पंचाहत्तर लाखांच्या घरात. सायबरस्टर उभ्या जागेवरून ताशी शंभरला ३.२ सेकंदांत पोचते म्हणे. मी म्हटलं, अरे पण कशाला? तर म्हणतो, मावशी, एकदा बसून बघ, पाठ सीटला चिकटते."

"एसटीतही चिकटते, मे महिन्यात."

"छप्परही उघडतं तिचं."

"कर्जतला? जून ते सप्टेंबर?"

एवढ्यात नाना पेपर घेऊन ओट्यावर आले. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी नोकरी घाटात. विजेचा विषय निघाला की त्यांना आत बसवत नाही.

"शंभरला पोचून जाणार कुठे तो? कर्जतहून चौकला निघालं की गतिरोधक. एक्स्प्रेसवेला लागावं, तर सपाटीलाही मोटारींना शंभरचीच मर्यादा. वर कॅमेरे. चलन घरी पोचायच्या आत मोबाइलवर येतं."

"म्हणजे तीन सेकंदांचं सुख, बाकी रांगेत टेम्पोच्या मागे," काकू म्हणाल्या. "आणि काय गं, विजेच्या गाड्यांना टोलही माफ केलाय ना सरकारने?"

"हो, २०२५ पासून, एक्स्प्रेसवेवर."

"वा. खालापूरच्या नाक्यावर पंचाहत्तर लाखवाला फुकट जाणार आणि भाजीचा टेम्पो पैसे मोजणार."

काकूंचं हे बोलणं मला पटतं. पण नानांना टोलात रस नव्हता.

"तुम्ही वेगाचं काय घेऊन बसलात? खरी गंमत जोराची. डिझेलचं इंजिन आधी फिरवावं लागतं, मग ताकद येते. म्हणून चढावर गिअर पाडायचा, धूर काढायचा. विजेच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर. आम्ही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायचो ते का? सदतीसला एक चढ आहे. सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. जीआयपी रेल्वेने १९३० च्या सुमारास घाटात विजेच्या तारा ओढल्या, तेव्हा ती लांब नाकाची इंजिनं आली. लोक त्यांना खेकडा म्हणायचे. पळायला मंद, पण वजन ढकलायला तोड नाही. त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलंय. या पोराला वाटतं, विजेवर घाट चढायचा शोध त्याच्या गाडीने लावला."

"आणि उतरताना?" मी मुद्दाम विचारलं. नानांना हेच हवं होतं.

"उतरताना मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज करते, गाडी आवरली जाते. ब्रेक तापत नाहीत. हिशेब कर. गाडी दोन टनांची, लोणावळा ते खोपोली उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. त्यात तीन युनिट वीज आहे. टायर, वारा, मोटर सगळ्यांचा वाटा गेला तरी दीडेक युनिट बॅटरीत परत. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून दुसरं काय करतंय? लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळातून खाली सोडायचं आणि त्या पडण्याची वीज करायची. १९२२ पासून आपल्या भिवपुरीलाही तेच."

"वीज इथे झाली आणि गेली मुंबईच्या गिरण्यांना," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे दोन सरी आल्या की अंधार."

मी म्हटलं, "नाना, मग घाटाची मजाच हवी असेल तर चाकणची महिंद्राची बीई ६ काय वाईट? शंभरला ६.७ सेकंद. पाच माणसं बसतात, डिकीत तांदळाचं पोतं जातं, किंमत त्या लाल गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास."

"साडेतीन सेकंद उशिरा पोचेल, एवढंच."

"पण ती बघायला कुंपणाशी कोण येईल?" काकूंनी अगदी बरोबर बोट ठेवलं. पंचाहत्तर लाखांतले निम्मे तरी त्या वर जाणाऱ्या दरवाजांचे असावेत. सुंदर दिसते मात्र, खोटं कशाला बोलू. फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्याला वळताना पोट घासेल म्हणून तो पोरगा उतरून दगड बाजूला करत होता, तरी सुंदर दिसत होती.

"ते असू दे. परवाचं ऐकलंस का?" काकू कुंपणावर रेलल्या. "शनिवारी रात्री आला, बॅटरी तळाला. तिथे साधा पंधरा अँपिअरचा प्लग."

"त्यातून तासाला जेमतेम तीन युनिट," नाना म्हणाले. "सत्तरेक युनिटांची बॅटरी भरायला अख्खा दिवस."

"त्यात लगेच वीज गेली ती सोमवारी पहाटेपर्यंत आली नाही. सोमवारी सकाळी त्याची ऑफिसात मीटिंग."

"मग गेला कसा?"

"रखवालदाराला सांगितलं, वायर काढू नकोस, आणि पहाटेची कर्जत लोकल पकडली. बसायला मिळालं म्हणे."