कानसेन

प्रत्येक सोसायटीत एक कानसेन असतो. वय साठीच्या आसपास, ग्रॅच्युइटी नुकतीच हातात पडलेली, मुलगा परदेशात आणि हॉलमध्ये खुर्ची एकच. बाकीच्या खुर्च्यांवरून ‘आवाज परततो’ म्हणून त्या बाल्कनीत गेल्या. पाहुण्यांना चटई.

आमच्या कानसेनाकडे परवा म्युझिक सर्व्हर आला. साडेतीन लाख. आत काय? एक छोटा संगणक, एक डिस्क आणि भरपूर अॅल्युमिनियम. हेच काम काही हजारांचं, तळहाताएवढं रास्पबेरी पाय करतं. पण ते नाव त्याच्यासमोर काढायचं नाही. घराण्याचा प्रश्न आहे.

प्रात्यक्षिकासाठी मला खुर्चीचा मान मिळाला. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या, खुर्चीचे पाय बरोबर त्यांवर. “मान हलवू नका. आणि मोबाइल विमान मोडवर.” मग अब्दुल करीम खाँसाहेब लागले. दहा सेकंदांत त्याने गाणं थांबवलं. “पार्श्वभूमी किती काळी झाली, बघितलंत?” मी भिंतीकडे बघितलं. क्रीमच होती. “आणि ही खरखर! किती स्वच्छ खरखर आहे!”

खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण 78 फेऱ्यांच्या तबकडीवरचं, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. वरच्या पट्टीतलं बरंचसं तिथेच राहून गेलेलं. सर्व्हरचा नमुना-दर मात्र 192 किलोहर्ट्झ, म्हणजे त्याच्या निम्म्या, 96 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पोचवायला तयार. तरुण कान 20 पर्यंत ऐकतो, साठीचा त्याच्याही बराच खाली. उरलेली सोय वटवाघळांसाठी असावी.

आतून चहा घेऊन आलेल्या वहिनींनी मुद्द्यालाच हात घातला. “अहो, वीजबिलाचा मेसेज महागड्या फोनवर आला म्हणून आकडा कमी होतो का?”

“अगं, ते आकडे. हा नाद आहे!”

पण डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत, तो नादही आकडेच असतो. शून्य आणि एक. नेटवरून येताना तुकडा हरवला तर यंत्र तो पुन्हा मागवून घेतं. आलेले आकडे आधी साठवून ठेवले जातात आणि चांगला डॅक ते स्वतःच्या घड्याळाने मोजून बाहेर सोडतो. सर्व्हर साडेतीन लाखांचा असला तरी शून्याचं जास्त गोल शून्य करू शकत नाही.

कानसेनाच्या बोलण्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पंखा घरघरणारा जुना संगणक खोलीबाहेर गेला की शांतता वाढतेच. डॅक सुमार असेल तर संगणकाचा विजेचा गोंगाट त्यात झिरपूही शकतो. पण ते दुखणं थोडक्यात बरं होणारं. पैसा घालायचाच तर स्पीकरमध्ये आणि खोलीत घालावा. स्पीकर बदलला की शेजाऱ्यालासुद्धा कळतं.

कानसेनाची भाची म्हणाली, “मामा, मी पडद्यामागून एकदा फोनवरून लावते, एकदा सर्व्हरवरून. तुम्ही ओळखा.”

“परीक्षेच्या दडपणाखाली कान मिटतात,” मामा म्हणाले.

2007 साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी अशीच परीक्षा घेतली होती. उच्च दर्जाचं मुद्रण तसंच, की मध्ये सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, हे ओळखायचं. उत्तरं निम्मी बरोबर निघाली. छापा-काटा केला असता तरी तेवढीच निघाली असती. हे ऐकल्यावर कानसेनाने एकच विचारलं, “त्यांची पॉवर केबल कुठली होती?”

सध्या दोष विजेवर आहे. सोसायटीची लिफ्ट सुरू झाली की म्हणे षड्ज डळमळतो. जपानात काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतल्याचं त्याने वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो अर्ज घेऊन वीज कंपनीच्या कचेरीत गेला. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“काका, कनेक्शन घरगुती की शेतीपंप?”

कानसेन गंभीर झाला. “शेतीपंपाचा आवाज कसा येतो?”