हस्तकलेतला हात

हाताने शुभेच्छापत्रे बनवण्याचा छंद हा तत्त्वतः आळसाविरुद्धचा उठाव आहे, कारण लंडनच्या हेन्री कोल यांनी 1843 मध्ये नाताळचे छापील कार्ड काढवून घेतले ते प्रत्येक स्नेह्याला वेगळे पत्र लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणूनच. या उठावाची आजची सामग्री मात्र निराळी आहे: तयार घडीचा जाड कागद, फुलपाखरे कापून देणारा पंच, क्विलिंगसाठी, म्हणजे कागदी पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्यासाठी, आधीच कापलेल्या पट्ट्या आणि ‘फक्त तुझ्यासाठी’ असे हजारोंसाठी छापलेले स्टिकर हे सारे विकत मिळत असल्याने हाताच्या वाट्याला डिंक तेवढा उरतो.

कल्याण–कसारा मार्गावरील आसनगावात, जिथून शहापूर-मुरबाडच्या वारली, ठाकूर आणि कातकरी वस्त्या दूर नाहीत, या छंदाला स्थानिक रंग द्यायचा झाल्यास वारली चित्राचा रबरी शिक्का पुरतो. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने रेखायचा चौक, म्हणजे पालघाट देवीला मध्यभागी बसवणारी मंगल चौकट, त्या शिक्क्यातून बढतीच्या अभिनंदनावरही विनासायास उतरतो. पुढे कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवरून रवाना होतो आणि टपालात चुरगळेल या काळजीने मूळ प्रत कपाटातच राहते.

कोल यांनी श्रम वाचवले, या छंदात वाचते ते टपालाचे तिकीट. ज्यांना शुभेच्छा खरोखर स्वहस्ते द्यायच्या आहेत, त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून पाठवाव्यात. त्यासाठी पंच लागत नाही.