आत्याची वहिवाट आणि पाचवा गिअर

आमच्या घरची अँबॅसेडर 1964 सालची आहे, आणि तिच्या पुढच्या सलग गादीवर, चालक आणि डावा दरवाजा यांच्या बरोबर मध्यभागी, माझ्या आत्याची पन्नासाहून अधिक वर्षांची अविच्छिन्न वहिवाट आहे. मागे बसले तर मळमळते आणि खिडकीशी बसले तर कानांत वारा शिरतो, या दोन सबबींवर तिने ती जागा माझ्या वडिलांच्या कारकिर्दीत संपादन केली आणि माझ्या कारकिर्दीत कायम करून घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे पायांपाशी मैदान मोकळे होते. त्या मैदानात आत्याची पिशवी, पिशवीत पाण्याचा तांब्या आणि पिशवीला टेकून छत्री, असा तिचा फिरता संसार इतकी वर्षे सुखेनैव नांदत होता.

या शांततेत विघ्न आणले ते मी. जुन्या गिअरबॉक्सविषयी माझ्या तक्रारी मात्र काल्पनिक नव्हत्या. त्यात पुढचे गिअर चारच, आणि त्यांपैकी पहिल्याला सिंक्रोमेश नाही. म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारून दोन चक्रांचे वेग जुळवण्याची जी विद्या लागते, ती वडिलांबरोबर गेली, आणि माझ्या हातून जो आवाज निघे तो ऐकून लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार गिऱ्हाइकाला मोजत असलेले कापड हातात तसेच धरून बाहेर पाहत. त्यातच खांबापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांचे बुश झिजलेले असल्यामुळे दुसरा मागितला तर चौथा पडे. शिवाय चौथ्यात इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा, असा रोखीचा व्यवहार. द्रुतगती मार्गावर 1489 सीसीचे ते बिचारे इंजिन असे काही किंचाळे, की प्रवासभर आपण एखाद्या वृद्धाला जिना चढायला लावत आहोत अशी अपराधी भावना होई.

त्यावर उपाय एका स्नेह्याने सुचवला. उत्तरपाड्याच्या कारखान्याने 1990च्या दशकात याच अँबॅसेडरमध्ये इसुझूचे 1817 सीसीचे इंजिन घातले आणि त्याबरोबर पाच गिअरांचा, जमिनीतून वर येणाऱ्या दांड्याचा गिअरबॉक्स दिला. त्यांपैकी एखादा भंगारातून मिळवून जुन्या इंजिनाला जोडावा, असा त्याचा सल्ला. (हा ‘आधुनिक’ गिअरबॉक्स स्वतःच तीस वर्षांचा होता, पण आमच्या घरी आत्याच्या लग्नानंतरचे सर्वच आधुनिक समजतात.) एकच स्त्री अर्धी वृद्धा आणि अर्धी तरुणी असावी अशी अपेक्षा धरणाऱ्यांची शास्त्रकारांनी ‘अर्धजरतीय न्याय’ या नावाने थट्टा केली आहे, हे मला ठाऊक होते. परंतु शास्त्रकारांना खंडाळ्याचा घाट चढावा लागत नव्हता.

प्रथम कायदा पाहिला. जुलै 2021च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, मात्र तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. त्यात गिअरबॉक्सचे नाव नाही, हे वाचून मला एखाद्या मुरलेल्या वकिलासारखा आनंद झाला; पण दांडा वर यायचा तर तळाच्या पत्र्याला भोक पाडावे लागणार, आणि वीतभर भोक हा बॉडीतला फेरफार ठरतो काय, या प्रश्नावर तो आनंद मावळला. अखेर त्याच नियमांत असे आढळले की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती इत्यादी कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्या यादीत जेजुरीचे दर्शन नव्हते. तो अर्ज मी तहकूब केला.

इंग्लंडात याच घराण्याच्या इंजिनाच्या जुन्या एमजी मोटारींना लोक फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा डबा जोडतात, आणि त्यासाठी लागणारे सर्व सामान तिकडे तयार संचात विकत मिळते. आम्हांला मिळतो तो मिस्त्री. आमचे मिस्त्री मोठे गुणी, पण त्यांचे मोजमाप सुतांत चाले, आणि येथे प्रकरण इंचाच्या हजाराव्या भागांचे होते. इंजिनाच्या पाठीची भोके आणि नव्या डब्याच्या तोंडाची भोके एकमेकांना ओळखही देईनात, म्हणून मध्ये जाड पाटा करून घ्यायचा. तो पाटा असा हवा की क्रँकचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा, नाहीतर क्लच थरथरतो, बेअरिंग गुणगुणते आणि गिअर आपण होऊन निसटतो. पाट्याची जाडीही बेताची हवी. जास्त झाली तर शाफ्टचे नाक क्रँकमधल्या बुशापर्यंत पोहोचत नाही, कमी झाली तर तळाला टेकते. बुश गनमेटलचा नवा काढला. क्लचप्लेटचा घेर जुन्या फ्लायव्हीलचा आणि पोटातला दातेरी हब नव्या शाफ्टचा, अशी प्लेट कोठेच मिळत नसल्यामुळे दोन प्लेटींची एक केली. लेथवाल्याने पहिला पाटा आरशासारखा गुळगुळीत आणि उलट्या बाजूने भोके पाडलेला असा आणून दिला, तेव्हा मिस्त्री त्याला शिव्या देतील असे मला वाटले होते, पण त्यांनी तो पाटा चहाचे पेले ठेवायला घेतला आणि म्हणाले, “साहेब, दुसरा बरोबर होतो. पहिला सगळ्यांचाच असा होतो.” दुसरा खरोखरच बरोबर झाला. प्रोपेलर शाफ्ट लांबीला जुळवून घेतला. स्पीडोमीटरची केबल जोडली, पण डब्यातली चक्रे वेगळ्या प्रमाणाची असल्याने काटा तेव्हापासून खोटी साक्ष देतो आहे.

मग पत्रा कापला, आणि दांडा वर आला तो थेट आत्याच्या मुलखात.

ती पाहायला आली. तिने दांड्याकडे पाहिले, पिशवी ठेवायच्या जागेकडे पाहिले आणि विचारले, “हे काय उगवलंय?”

“गिअर, आत्या.”

“माझ्या जागेत?”

“मावशी, खिडकीशी बसा की,” मिस्त्री म्हणाले. त्या वाक्याबद्दल त्यांना त्या दिवशी आमच्याकडे चहा मिळाला नाही.

तडजोड म्हणून दांडा तापवून त्याला माझ्या बाजूस बाक दिला, आणि आत्याने आपला ताबा न सोडता पिशवी मांडीवर घेतली. पण गिअरांची मांडणी काही मिस्त्रींच्या हाती नव्हती. पहिला डावीकडे पुढे, दुसरा डावीकडे मागे. म्हणजे दुसरा टाकला की दांड्याची मूठ नेमकी आत्याच्या उजव्या गुडघ्यावर. याउलट पाचवा उजवीकडे आणि पुढे, तिच्यापासून सर्वांत दूर. हे मर्म तिच्या पहिल्याच फेरीत लक्षात आले, आणि तेव्हापासून गाडी दाराबाहेर पडली रे पडली की ती म्हणते, “पाचवा टाक.” पाचव्यात इंजिन कमी फिरते, म्हणूनच त्याला ओढही कमी असते, म्हाताऱ्या इंजिनाला तो फक्त सपाट रस्त्यावर, वारा पाठीशी असताना पेलतो, चढाची नुसती चाहूल लागली तरी चौथा मागतो. हे मी तिला नकाशा काढून समजावले. “एवढे पैसे घालून घेतलास,” ती म्हणाली, “तर वापर की.”

गेल्या चंपाषष्ठीला आम्ही जेजुरीस गेलो. दिवे घाट सबंध दुसऱ्यात चढलो; आत्या गुडघे दरवाजाकडे वळवून, तोंडाने काही न बोलता बसली होती. माथ्यावर पोहोचल्यावर सासवडच्या सपाटीला तिसरा, चौथा आणि शेवटी पाचवा पडला, इंजिनाचा आवाज प्रथमच संभाषणाला वाव देण्याइतका उतरला, आणि तिने पाय सरळ करून मला एक लाडू दिला. परतताना तोच घाट उतरायचा होता, आणि उतरतानाही गाडी दुसऱ्यातच धरावी लागते, हे तिला मी माथ्यापर्यंत सांगितले नाही.