जुमेरात बाजारचे नवाब

हैदराबादेत जुना माल घेणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, हे एकटेच बसतात. निजामाचे दिवाणपद सुटल्यावर 1949 साली निधन होईपर्यंत त्यांनी जगभरातून घड्याळे, पुतळे, चिनी मातीची भांडी आणि हस्तिदंती वस्तू जमवल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. त्यामुळे ‘हे आता ठेवायचं कुठे?’ असे विचारण्याचा अधिकार घरात कुणालाच नव्हता. 16 डिसेंबर 1951 रोजी पंडित नेहरूंनी उद्घाटन केले आणि त्या पसाऱ्याचे वस्तुसंग्रहालय झाले.

उरलेले सगळे दुसऱ्या वर्गात. त्यांच्याकडे दिवाणपद नसते की देवडी नसते. असते ती शनिवार-रविवारची सहल, परतीचे कन्फर्म तिकीट आणि नवाबाच्या घरचा माल भंगाराच्या भावात मिळावा ही माफक अपेक्षा.

या अपेक्षेची मुख्य पेठ म्हणजे पुरानापुलाजवळचा जुमेरात बाजार. पूल 1578 सालचा आहे. बाजारातला बराच माल त्याच सुमाराचा असल्याचे विक्रेते सांगतात. जुमेरात म्हणजे गुरुवार, आणि बाजार खरा भरतो तो गुरुवारीच. शनिवार-रविवारच्या पर्यटकाला त्यामुळे त्याचे दर्शन घडत नाही, पण परत आल्यावर त्याचे वर्णन करण्यात याची अडचण येत नाही. रविवारवाल्यांसाठी एर्रागड्डा आहे. आबिड्सला रविवारी दुकानांची शटरे खाली असतात आणि फुटपाथवर जुनी पुस्तके मांडलेली असतात. तिथे वाचणारे लोक येतात, म्हणून पर्यटन-पुस्तिका त्या जागेला दोन ओळींत उरकतात. लाड बाजारात जुने काही विकत नाहीत. तिथल्या लाखेच्या बांगड्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या कोऱ्या करकरीत असतात. तरीही घरी येईपर्यंत त्या निजामाच्या काळातल्या होतात.

जुमेरात बाजारात मालाची वर्गवारी नसते. पंखा, पाना, एका पायाचा बूट, तीन पायांचे टेबल, रिमोट (टीव्हीशिवाय) आणि शर्टांचे ढीग एकाच जमिनीवर पडलेले असतात. यातल्या शर्टांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. महाराष्ट्रात जुने शर्ट आणि साड्या बोहारणीला देऊन स्टीलचे भांडे घेण्याची रीत आहे. पातेल्यावरून भांडण झाले की आणखी एक पँट द्यावी लागते. बोहारणीच्या गाठोड्यातले कपडे पुढे अशाच बाजारांत विकले जातात. वडिलांनी तीन शर्टांवर एक पातेले मिळवले, ही घरात कंजुषी मानली जाते. मुलाने तसलाच उसवलेल्या कॉलरचा शर्ट पैसे मोजून आणला की त्याला थ्रिफ्टिंग म्हणतात, आणि त्याचा फोटो काढला तर पर्यावरणरक्षणही.

किंमत वस्तूवर ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या पायांवर ठरते. स्पोर्ट्स शूजना एक भाव, चपलांना दुसरा. गिऱ्हाईक निम्म्यावर येते, विक्रेता दुखावतो, गिऱ्हाईक चालू लागते आणि मागून हाक येते, ‘अजी साब, जाते काइकू? बोलो तो सही!’ यानंतर जो भाव ठरतो तो विक्रेत्याने सकाळीच ठरवलेला असतो. विजेच्या वस्तूंची परीक्षा तिथे होत नाही, कारण फुटपाथला प्लग नसतो. ‘घर को जाके लगाओ, चलता’ एवढीच हमी मिळते. पावती मागणाऱ्याकडे आजूबाजूचे चार विक्रेते मिळून पाहतात.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून, जो तो अप्रामाणिकपणे घेतो त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोक जिला चोरबाजार म्हणतात त्या जागी, बिनचार्जरचा, बिनडब्याचा मोबाइल चौथ्या हिश्श्याच्या भावात घेणाऱ्याला असे कारण दिसले नव्हते, हे कोर्टाला पटवण्यासाठी वकील चांगला लागतो. त्याच्या फीत नवा मोबाइल येतो.

पुराणवस्तूंचे त्याहून अवघड. 1972 च्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुराणवस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. इकडे विक्रेता कंदील दाखवून शपथेवर सांगतो, ‘सव्वासौ साल पुराना है.’ हे खरे असेल तर त्याने बिनपरवाना धंदा केला, आणि न्यू जर्सीच्या भाच्यासाठी कंदील घेणाऱ्या मावशींनी तस्करीची तयारी. सुदैवाने पितळेवरचा काळा थर आठवड्यापूर्वी चढवलेला असतो. चारमिनारचे चित्र असलेली हाली शिक्क्याची नाणी मूळची खरीच होती, निजामाच्या राज्याचे स्वतःचे चलन होते; पण आज बाजारात जेवढी फिरतात तेवढी पाडायला निजामाच्या टांकसाळीला रात्रपाळी करावी लागली असती. खोटेपणाच दोन्ही पक्षांना तुरुंगापासून वाचवतो.

राहिला वाहतुकीचा प्रश्न. रेल्वे स्लीपरच्या प्रवाशाला 40 किलो सामान फुकट नेऊ देते, पण ग्रामोफोनचा कर्णा बर्थखाली जात नाही. देवगिरी एक्स्प्रेसने निघालेला कर्णा नांदेडपर्यंत मांडीवर, परभणीपर्यंत वरच्या बर्थवर आणि पुढे शेजारच्या प्रवाशाच्या पायांवर असतो. घरी आल्यावर त्याच्या दोन किमती सांगितल्या जातात. शेजाऱ्यांना सांगायची किंमत खऱ्या किमतीच्या तिप्पट असते आणि बायकोला सांगायची निम्मी. बायको निम्मी ऐकूनही ‘फसवलं तुम्हाला’ म्हणते. ग्रामोफोन वाजत नाही, कारण पिन मिळत नाही. पिन जुमेरात बाजारात मिळते, असे कळते.